विमानात न बसलेला धावपटू

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



तुमच्यापैकी जे माझ्या वयाचे असतील, त्यांना शनिवारची सकाळची शाळा आठवत असेल. शनिवारी कवायत असायची आणि कवायतीला पांढरे कॅनव्हासचे बूट लागायचे. शुक्रवारी रात्री ते बूट ओल्या खडूने पांढरे करून खिडकीत वाळत ठेवायचे. बहुतेकांचे बूट बाटाचे असत. हे 'बाटा' नाव आपल्याकडे इतके रुळले होते की ती कंपनी इकडचीच, कोलकात्याकडची असावी, असे मी कितीतरी वर्षे समजत होतो. पुढे वाचनात आले की हा कारखाना मूळचा चेकोस्लोव्हाकियातल्या झ्लिन गावचा. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे तो एमिल झाटोपेक वयाच्या सोळाव्या वर्षी त्याच कारखान्यात कामाला लागला होता.

मी तीस वर्षे सातारा जिल्ह्यात क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केली. पी. टी.चे मास्तर म्हणा ना. त्या तीस वर्षांत मुलांना मी झाटोपेकची गोष्ट किती वेळा सांगितली असेल, याची मोजदाद नाही. पावसामुळे मैदानावर जाता येत नसे, तेव्हा वर्गात बसून हीच गोष्ट. पण ती गोष्ट मी अर्धीच सांगत होतो, हे मला निवृत्त झाल्यावर कळले. आज ती पूर्ण सांगावी म्हणून इथे आलो आहे.

झाटोपेकचा जन्म १९ सप्टेंबर १९२२चा. गाव कोप्रिव्हनित्से, मोराव्हिया प्रांतातले. वडील सुतार, घरात खाणारी तोंडे पुष्कळ. पोराने काहीतरी हुन्नर शिकावा म्हणून त्याला झ्लिनला धाडले. पुढच्याच वर्षी देश जर्मनांच्या ताब्यात गेला. कारखाना मात्र चालू राहिला आणि कामगार पोरांची दरवर्षीची धावण्याची शर्यतही चालू राहिली. १९४१ साली कारखान्याच्या क्रीडाप्रशिक्षकाने चार मुलांना निवडून सांगितले, शर्यतीत पळायचे. एमिल त्या चौघांतला एक. त्याला पळण्याची मुळीच आवड नव्हती. माझी तब्येत बरी नाही, अशी सबब त्याने सांगून पाहिली. डॉक्टरकडे पाठवले, तर डॉक्टर म्हणाले, पोरगा ठणठणीत आहे. झाला नाइलाज. पळाला, आणि शंभर जणांत दुसरा आला.

सबब सांगणारी अशी मुले प्रत्येक क्रीडाशिक्षकाला ठाऊक असतात. 'सर, पोटात दुखतंय,' म्हणून झाडाखाली बसणारी. त्यांच्यातले एखादे पोर उद्या काय करील, सांगता येत नाही. झाटोपेकची गोष्ट सांगायला मी याच कारणाने सुरुवात केली होती.

एकदा गोडी लागल्यावर मात्र तो हट्टाला पेटला. तीन वर्षांत, १९४४ साली, त्याने दोन, तीन आणि पाच हजार मीटरचे चेक विक्रम मोडले. युद्ध संपल्यावर तो सैन्यात गेला. त्याच्या सरावाविषयी थोडे सांगायला हवे, कारण आज जगातला लांब पल्ल्याचा प्रत्येक धावपटू त्याचे थोडेफार ऋण घेऊनच पळतो.

त्या काळी लांब पल्ल्याचे बरेच धावपटू लांबवर सावकाश पळून तयारी करत. झाटोपेकचे म्हणणे साधे होते. सावकाश पळता मला येतेच, मग ते कशाला शिकू? शिकायचे आहे ते जोरात पळणे. म्हणून तो चारशे मीटर जोरात पळे, मग दोनशे मीटर हलके हलके पळत दम घेई, की पुन्हा चारशे मीटर जोरात. असे वीस वेळा. पुढे वीसाचे चाळीस झाले आणि १९५४च्या सुमारास तर एका दिवसात शंभर फेऱ्या घालण्यापर्यंत मजल गेली. शंभर गुणिले चारशे म्हणजे चाळीस किलोमीटर, आणि मधले दम घेणे वेगळेच. ही पद्धत त्याच्या आधीही काही जण वापरत होते, पण इतक्या थराला ती कोणी नेली नव्हती. थंडीत बर्फातून लष्करी बूट घालून पळायचा. घरी धुणे धुवायचे असले तर ते टबात टाकून, साबणाचे पाणी घालून, त्यावर जागच्या जागी धावायचा. धुणेही निघायचे आणि सरावही व्हायचा.

त्याचे धावणे दिसायला अगदी वाईट होते. मान एका बाजूला कललेली, चेहरा असा वेडावाकडा की बघणाऱ्याला वाटावे, हा आता कोसळतो. खांदे उचललेले, जीभ बाहेर. मी मुलांना 'खांदे सैल सोडा, मान सरळ ठेवा' म्हणून ओरडायचो आणि वर्गात गोष्ट मात्र याची सांगायचो. कोणी त्याला त्याच्या चेहऱ्याबद्दल छेडले, की तो म्हणे, धावणे म्हणजे काही बर्फावरचे नृत्य नव्हे, दिसण्याचे गुण इथे मिळत नाहीत.

१९४८चे लंडन ऑलिंपिक. दहा हजार मीटरच्या शर्यतीत जागतिक विक्रमवीर फिनलंडचा व्हिल्यो हाइनो पळत होता. झाटोपेकने आपल्या माणसाला प्रेक्षकांत बसवून ठेवले होते. ठरवलेल्या वेगापेक्षा मी मागे पडलो, की लाल कपडा दाखव. एका टप्प्यावर लाल कपडा वर झाला आणि झाटोपेकने असा वेग घेतला की हाइनो काही वेळाने शर्यत सोडून बाहेर गेला. झाटोपेक २९ मिनिटे ५९.६ सेकंदांत पहिला आला. दुसरा आलेला फ्रान्सचा आलँ मिमूँ त्याच्या मागे जवळजवळ ४८ सेकंद होता. या मिमूँचे नाव लक्षात ठेवा. पाच हजार मीटरला मात्र बेल्जियमचा गास्तों राइफ पुढे निघून गेला. पावसाने चिखल झालेल्या मार्गावर शेवटच्या फेरीत झाटोपेकने असा पाठलाग केला की सारे मैदान उभे राहिले. राइफ जिंकला, पण अवघ्या दोन दशांश सेकंदाने.

त्याच लंडनला चेक संघात दाना इंग्रोव्हा नावाची भालाफेक करणारी मुलगी होती. ती सातवी आली. दोघांच्या जन्मतारखा निघाल्या त्या एकच, १९ सप्टेंबर १९२२. त्याच वर्षी ऑक्टोबरात दोघांचे लग्न झाले.

आता मी येतो १९५२ सालाकडे. पण त्याआधी मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायला मला बरे वाटत नाही.

माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. आमच्या शाळेत एक मुलगा होता. वाडीवरून रोज सहा किलोमीटर चालत-पळत शाळेला यायचा. अनवाणी. त्याला मी तीन हजार मीटरसाठी तयार केला होता. तालुक्याला तो पहिला आला. जिल्ह्याच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मला ऑफिसात बोलावण्यात आले. मुलाच्या वडिलांचा शाळेच्या कमिटीवरच्या एका माणसाशी बांधावरून वाद चालू होता. मला सांगण्यात आले, या मुलाचे नाव काढा, दुसरे घाला. कारण विचारू नका. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. मी कारण विचारले नाही. माझ्याच हाताने यादी पुन्हा लिहिली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या मुलाला मी ते रात्री जाऊन सांगितलेही नाही. सकाळी तो फडक्यात भाकरी बांधून एस. टी. स्टँडवर येऊन उभा होता. मी त्याला म्हणालो, 'तुझं नाव या वेळी नाही, बाळ.' तो काही बोलला नाही. गाडी सुटली. मी खिडकीतून मागे पाहिले नाही.

आता हेलसिंकीकडे चला. १९५२चे ऑलिंपिक. चेक संघ निघायच्या तयारीत होता. संघात स्तानिस्लाव्ह युंगव्हिर्थ नावाचा पंधराशे मीटरचा एक तरुण धावपटू होता. ऐन वेळी त्याचे नाव यादीतून काढण्यात आले. कारण एकच, त्याचे वडील राजकीय कैदी होते. त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियात असे व्हायचे आणि सगळे गप्प बसायचे. झाटोपेक लष्करात अधिकारी होता. देशाचा सर्वांत मोठा खेळाडू होता आणि राजवट त्याला आपला आदर्श म्हणून मिरवत होती. गप्प बसायला त्याच्याकडे सर्वांपेक्षा अधिक कारणे होती. त्याने सांगून टाकले, युंगव्हिर्थ जाणार नसेल तर मीही जाणार नाही. युंगव्हिर्थने स्वतः त्याला विनवले म्हणतात, माझ्यासाठी स्वतःचे वाटोळे करू नकोस, तू जा. पण तो हलला नाही. संघाचे विमान सुटले आणि झाटोपेक त्यात नव्हता.

श्रोतेहो, ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. एस. टी.ची ती खिडकी डोळ्यांसमोरून हलेना.

पुढे काय झाले? अधिकाऱ्यांनी माघार घेतली. झाटोपेकशिवाय हेलसिंकीला जाणे म्हणजे हातची पदके घालवणे, हे त्यांना कळत होते. काही दिवसांनी दोघांनाही पाठवण्यात आले. युंगव्हिर्थला तिथे पदक मिळाले नाही. पण पाच वर्षांनी, १९५७ साली, त्याने पंधराशे मीटरचा जागतिक विक्रम केला, ३ मिनिटे ३८.१ सेकंद. यादीतून काढलेले नाव होते ते.

आणि झाटोपेक? २० जुलैला त्याने दहा हजार मीटर जिंकले. २४ जुलैला पाच हजार मीटरची अंतिम शर्यत. शेवटच्या फेरीत तिघे त्याच्या पुढे निघून गेले. इंग्लंडचा चॅटअवे, जर्मनीचा शाडे आणि आपला तो मिमूँ. झाटोपेक चौथा. संपले, असे सगळ्यांना वाटले. शेवटच्या वळणावर तो वेडावाकडा चेहरा बाहेरच्या बाजूने पुढे आला आणि एकेकाला मागे टाकत गेला. चॅटअवे मार्गाच्या कडेला पाय अडखळून पडला. १४ मिनिटे ६.६ सेकंद, नवा ऑलिंपिक विक्रम. ते पदक घेऊन दाना आपल्या भालाफेकीला गेली. शकुन म्हणून तिने ते पिशवीत ठेवले, आणि पहिलाच भाला ५०.४७ मीटर टाकून तिनेही सुवर्णपदक जिंकले. नवरा-बायको, एकच जन्मतारीख आणि एकाच दुपारी दोन सुवर्णपदके. नंतर एमिल पत्रकारांपुढे फुशारकी मारू लागला की माझ्या विजयाने हिला स्फूर्ती मिळाली. दाना फणकारून म्हणाली, असे का, मग जा की, दुसऱ्या एखाद्या मुलीला स्फूर्ती देऊन बघ, पन्नास मीटर भाला जातो का ते!

याच्या आदल्याच दिवशी, २३ जुलैला, त्याच हेलसिंकीत आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक जिंकले होते. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. खाशाबांना तिकडे जाण्यासाठी पैसे जमवताना काय यातायात करावी लागली, ते आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. म्हणजे बघा, एकाच स्पर्धेला गेलेल्या दोन खेळाडूंच्या मागे कोणीतरी आपले काहीतरी पणाला लावले होते. खाशाबांसाठी त्यांच्या प्राचार्यांनी, आणि युंगव्हिर्थसाठी झाटोपेकने.

दोन सुवर्णपदके मिळाल्यावर झाटोपेकने ठरवले की मॅरेथॉनही पळायची. आयुष्यात कधी मॅरेथॉन पळालेला नव्हता. त्या वेळी मॅरेथॉनची जगातली सर्वोत्तम वेळ इंग्लंडच्या जिम पीटर्सच्या नावावर होती. झाटोपेकने विचार केला, याच्याबरोबर पळावे, म्हणजे मॅरेथॉन कशी पळतात ते कळेल. पीटर्सने सुरुवातीलाच फार वेग घेतला होता. पंधराएक किलोमीटर झाल्यावर झाटोपेकने त्याला सरळ विचारले, आपला वेग जास्त तर नाही ना? दमलेल्या पीटर्सने त्याला चकवण्यासाठी सांगितले, उलट कमीच आहे. झाटोपेकने ते प्रामाणिकपणे खरे मानले आणि वेग वाढवला! पीटर्स पुढे पायात गोळे येऊन शर्यतीबाहेर पडला. झाटोपेक रस्त्यावरच्या लोकांशी, मोटारीतल्या छायाचित्रकारांशी गप्पा मारत मैदानात आला. २ तास २३ मिनिटे ३.२ सेकंद. आधीचा ऑलिंपिक विक्रम त्याने सहा मिनिटांहून अधिक फरकाने मोडला. दुसरा येईपर्यंत अडीच मिनिटे गेली. जमैकाच्या धावपटूंनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवले.

पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन. एकाच ऑलिंपिकमध्ये या तिन्ही शर्यती जिंकणारा माणूस त्याच्या आधी झाला नव्हता आणि आजवर दुसरा झालेला नाही.

१९५४च्या मे-जूनमध्ये त्याने आणखी एक पराक्रम केला. ३० मे रोजी पॅरिसला पाच हजार मीटरचा विश्वविक्रम आणि १ जूनला ब्रसेल्सला दहा हजार मीटरचा. दहा हजार मीटर २९ मिनिटांच्या आत पळणारा तो पहिला माणूस, २८ मिनिटे ५४.२ सेकंद. एकूण १८ जागतिक विक्रम त्याच्या नावावर लागले. पण शरीर कोणालाच सोडत नाही. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकआधी त्याच्यावर हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. तरी तो मॅरेथॉन पळाला आणि सहावा आला. जिंकला कोण? आलँ मिमूँ! तीन ऑलिंपिक शर्यतींत झाटोपेकच्या मागे दुसरा आलेला मिमूँ. जिंकल्यावर मिमूँ गेला नाही, आपल्या दोस्ताची वाट पाहत थांबला. झाटोपेक दमून भागून आला, तेव्हा मिमूँने त्याला सांगितले, एमिल, माझे अभिनंदन कर, मी जिंकलो. झाटोपेकने डोक्यावरची टोपी काढली, लष्करी सलाम केला आणि त्याला मिठी मारली. मिमूँ पुढे सांगत असे, ती मिठी मला पदकापेक्षा मोलाची होती.

१९६६ साली ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क प्रागला आला. क्लार्क म्हणजे जागतिक विक्रमांचा डोंगर रचणारा धावपटू, पण ऑलिंपिकमध्ये त्याला कधी सुवर्ण मिळाले नाही. टोकियोला एक कांस्य, एवढेच. परत निघताना झाटोपेकने विमानतळावर त्याच्या हातात एक लहानसे पुडके दिले आणि सांगितले की हे मैत्रीखातर देत नाही, तुझा त्यावर हक्क आहे म्हणून देतो. क्लार्कला वाटले, देशाबाहेर न्यायची काही चोरटी वस्तू असावी. त्याने विमान उडाल्यावर उघडून पाहिले. आत झाटोपेकचे १९५२चे दहा हजार मीटरचे सुवर्णपदक होते.

श्रोतेहो, माझी गोष्ट साधारण इथे रंगात यायची. मग मी १९६८वर यायचो. त्या वर्षी प्रागमध्ये मोकळे वारे वाहू लागले. 'दोन हजार शब्द' नावाचा जाहीरनामा निघाला, त्यावर झाटोपेकने सही केली. जिमनॅस्ट व्हेरा चास्लाव्हस्कानेही केली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शहरात शिरले. झाटोपेक चौकात जाऊन लोकांशी बोलला, रशियन सैनिकांशी त्यांच्या भाषेत वाद घातला, आक्रमकांना ऑलिंपिकमध्ये घेऊ नका म्हणाला. त्याची शिक्षा त्याला मिळाली. पक्षातून काढले, लष्करातून काढले. कर्नल होता, त्याचा मजूर झाला. युरेनियमच्या खाणीत धाडले, रस्त्यावर कचरा गोळा करायला लावले, पण पठ्ठ्या वाकला नाही. असे म्हणून मी गोष्ट संपवायचो. मुले टाळ्या वाजवायची.

निवृत्तीनंतर मी सकाळी मैदानावर येणाऱ्या मुलामुलींना शिकवतो. त्यांच्यात बारावीतली एक मुलगी आहे, आठशे मीटर पळते. तिने माझी गोष्ट ऐकली आणि घरी जाऊन स्वतः वाचून काढली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, 'सर, तो वाकला नाही असं तुम्ही सांगितलंत. पण त्यानं १९७१ साली सही मागे घेतली होती की.'

मी वाचायला बसलो, आणि पोरगी बरोबर होती. लष्करातून काढल्यावर झाटोपेकला काम मिळाले ते जमिनीत विंधणी घेणाऱ्या एका कंपनीत. आठवडेच्या आठवडे घराबाहेर, चाकांवरच्या खोपट्यात राहायचे, मातीचिखलात राबायचे. कचऱ्याच्या आणि खाणीच्या कथा लोकांनी प्रेमापोटी वाढवत नेलेल्या. आणि १९७१ साली वर्तमानपत्रात त्याच्या नावाने कबुली छापून आली, की १९६८ साली माझे चुकले. तसे पाहिले तर पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाही राजवटीची तळी उचलणारी निवेदने त्याच्या नावाने छापून आली होती. चास्लाव्हस्काने मात्र सही मागे घेतली नाही आणि वर्षानुवर्षे त्याची किंमत मोजली. झाटोपेकवर त्याचे काही जुने मित्र नाराज झाले, ते झालेच. सत्तरच्या दशकात त्याला प्रागला परत येऊ दिले. क्रीडाखात्याच्या कचेरीत बसून तो परदेशी मासिके वाचून त्यांतला मजकूर भाषांतरित करून देई. त्याला बऱ्याच भाषा येत. राजवट गेल्यावर, १९९० साली, त्याचा मान त्याला परत मिळाला. नोव्हेंबर २०००मध्ये तो गेला. दाना त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे जगली. २०२०च्या मार्चमध्ये, वयाच्या ९७व्या वर्षी ती गेली.

मुलीने मला विचारले, 'मग सर, तो शूर होता की घाबरट?'

मला लगेच उत्तर देता आले नाही. दोन दिवसांनी मी तिला म्हणालो, 'हे बघ, लांब पल्ल्याच्या शर्यतीत माणूस सगळ्या फेऱ्या सारख्याच वेगाने पळत नाही. एखाद्या फेरीत तो मागे पडतो. १९५२ साली त्याच्या हातून एक मोठी गोष्ट झाली. १९६८ साली झाली. १९७१ साली नाही झाली. तेव्हा त्याचं वय पन्नाशीला आलेलं, काम मातीचिखलातलं, घर लांब, आणि पुढं हे किती वर्षं चालणार ते ठाऊक नाही. त्याला घाबरट म्हणायचं असेल त्यानं म्हणावं. मला तो अधिकार नाही.'

'का नाही?' तिने विचारले. मग मी तिला एस. टी. स्टँडवरच्या मुलाची गोष्ट सांगितली. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितली. ती ऐकून घेतली आणि म्हणाली, 'सर, पण हे मला कशाला सांगताय? त्यांना सांगा ना.'

खरे होते तिचे. तो मुलगा आता पन्नाशीच्या पुढे आहे. शेती करतो. रस्त्यात भेटला की 'नमस्कार सर' म्हणतो, आणि इतक्या वर्षांत त्या दिवसाचे नावही त्याने कधी काढले नव्हते. गेल्या दिवाळीत मी त्याच्या वाडीवर गेलो. पडवीत बसलो. चहा झाला. मग मी सगळे सांगितले. नाव कोणी काढायला लावले, मी का गप्प बसलो आणि रात्री येऊन का सांगितले नाही. 'माझं चुकलं,' असे म्हटले.

तो बराच वेळ अंगणाकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'सर, त्या दिवशी गाडी गेल्यावर मी स्टँडवरच भाकरी खाल्ली. मग घरापर्यंत पळत आलो. घड्याळ नव्हतं, पण लई जोरात पळालो होतो. कुणी बघायला पाहिजे होतं.'

याच्यावर मी काय बोलणार? झाटोपेककडे क्लार्कला द्यायला एक पदक तरी होते. माझ्याकडे द्यायला तसे काही नाही. त्याचा नातू आता सातवीत आहे आणि म्हणे चांगला पळतो. मी त्याला म्हणालो, रविवारी सकाळी पाठवून दे मैदानावर. पाठवीन म्हणाला. आणि पाठवलेही.

आता मुलांना मी झाटोपेकची गोष्ट पूर्ण सांगतो. वाकडे तोंड, लाल कपडा, सुटलेले विमान, मिमूँची मिठी, क्लार्कचे पुडके आणि १९७१ची ती कबुलीसुद्धा. आता टाळ्या थोड्या कमी पडतात. पण मुले प्रश्न विचारतात.